आता हात लावायचा नाही

सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून 'फिस्स' असा आवाज आला, तर घाबरू नये. नाग वगैरे काही निघालेला नसतो. पंपवाले काका सायकलच्या शॉकमधली हवा तपासत असतात.

काका चिंचवडच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होते. ३० वर्षं ते काळ्या, दणकट सायकलवरून कामावर गेले. तिला सस्पेंशन म्हणजे सीटखालच्या दोन स्प्रिंगा, त्यातली एक कायम कुरकुरणारी. पण काका कधी कुरकुरल्याचं काकूंना आठवत नाही. निवृत्तीनंतर मुलानं माउंटन बाइक घेऊन दिली. पुढच्या बाजूला हवेवर चालणारा, १२० मिलिमीटर दबणारा फोर्क. मागे काहीच नाही. "पुढे गादी, मागे नशीब," असं काका तिचं वर्णन करतात. आणि ती गादी आल्या दिवसापासून त्यांना पुण्यातला एकेक खडा टोचायला लागला.

यात पहिला विधी सॅगचा. आपण सायकलवर नुसते उभे राहिलो तरी आपल्या वजनानं फोर्क थोडा बसतो, तो सॅग. तो साधारण पाव हिस्सा हवा. म्हणजे काकांच्या फोर्कला ३० मिलिमीटर. कमी बसला तर हवा जास्त झालीय, जास्त बसला तर हवा कमी पडतेय. संपलं. दोन मिनिटांचं काम. काकांना पाऊण तास लागतो.

कारण आधी पूर्ण पोशाख करायचा. हेल्मेट, बूट, गुडघ्याचे पॅड आणि पाठीवर पाण्याची पिशवी, तीही दोन लिटर पाणी भरून. "अरे, काट्यावर ट्रक मालासकट चढवतात ना? मग?" मग वॉचमननं मागून सीट धरायची. काका पेडलवर उभे राहणार, दोनचार उठाबशा काढून फोर्क मोकळा करणार आणि श्वास रोखून स्थिर होणार. वॉचमन वाकून फोर्कच्या चकचकीत नळीवरची काळी रबरी रिंग खाली सरकवतो. मग काका खाली उतरतात, पण कसे, तर निजलेलं मूल पाळण्यात ठेवून आई मागे सरते ना, तसे. रिंग मागे राहते. काका खिशातून वर्नियर काढतात.

"२९.४! अर्धा पीएसआय जास्त आहे."

हवेच्या तोंडावरचं प्लास्टिकचं टोपण काका पंप लावताना ओठांत धरतात, म्हणजे हरवत नाही. त्यामुळे पुढच्या सगळ्या सूचना "हं हं, हुहं हं" अशा येतात. त्या वॉचमनला समजतात. पंप काढताना जो 'फिस्स' होतो तो पंपाच्या नळीतल्या हवेचा, फोर्कमधल्या नाही, हे काकांनी मला निदान दहा वेळा समजावलंय. तरी तो आवाज आला की त्यांचाच चेहरा पडतो. मग खात्रीसाठी पुन्हा पंप लावायचा. पंप लावला की फोर्कमधली थोडी हवा त्या रिकाम्या नळीत शिरते आणि काटा आकडा कमी दाखवतो. की पुन्हा भरा, पुन्हा काढा, पुन्हा फिस्स. काकूंनी हे एकदा गॅलरीतून पाहिलं आणि वरूनच सांगितलं, "शिजला का, शिजला का म्हणून दर मिनिटाला झाकण उघडलं, तर भात शिजेल का?" शास्त्रीयदृष्ट्या त्यांच्या म्हणण्यात काहीच चूक नव्हती.

हवेची नोंद स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर होते. दुधाच्या खाड्याशेजारी लहान अक्षरात '८२', '८२', '८१.५'. काकूंना वाटलं, हे खालचं ब्लडप्रेशर. त्यांनी डॉक्टरांना तसं सांगितलं, डॉक्टर खूश. पण दिवाळीच्या फराळानंतर आकडा ८६ वर गेला आणि त्याच दिवशी काकांच्या पानातलं लोणचं बंद झालं. खरं कारण उघडकीला यायला पौष उजाडला. "म्हणजे पोट वाढलं म्हणून हवा वाढवली?" एवढंच काकू म्हणाल्या. लोणचं काही परत सुरू झालं नाही.

सॅग जमला की काका फोर्कवर हळूच थाप मारतात. "आत्ता लागली बघ बरोबर. आता हिला हात लावायचा नाही." हे वाक्य मी दर रविवारी ऐकतो. साधारण वेताळ टेकडीच्या पहिल्या चढापर्यंत ते टिकतं.

टेकडीवर, खाणीकडच्या दगडगोट्यांच्या उताराला आम्ही सुटलो की मागून हाक येते, "एक मिनिट! एकच क्लिक!" हा रिबाउंडचा क्लिक. फोर्कच्या उजव्या पायाच्या तळाशी लाल रंगाचं बटण असतं. दबलेला फोर्क किती वेगानं वर यावा ते त्यानं ठरतं. बटण फिरवलं की आतल्या तेलाची वाट अरुंद किंवा रुंद होते. वेग जास्त झाला तर हँडल हातात उसळतं. कमी झाला तर काय होतं, ते काकांच्याच शब्दांत: "लग्नात नमस्कार करत सुटतो ना आपण, तसं. एकाला वाकलास, सरळ व्हायच्या आत पुढचे आजोबा. पुन्हा वाक. दहाव्या आजोबांपर्यंत तू वाकलेलाच! मग त्या फोर्कनं दगड कसा झेलायचा?" इतकं चोख स्पष्टीकरण मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

गोची अशी की हे क्लिक मोजायचे बटण पूर्ण बंद करून, शून्यापासून. आणि सकाळची टेकडी म्हणजे ओळखीच्यांचा बाजार. काका उकिडवे बसून मोजतायत, "पाच... सहा... सात..." तेवढ्यात कुणीतरी, "काय, पंक्चर का?" काका हसून नमस्कार करतात. आकडा जातो. पुन्हा शून्य. एकदा आम्ही चौघं खाली उतरून, पोहे खाऊन, बिल देऊन बसलो होतो, तेव्हा काका आले. चेहऱ्यावर समाधान. "सातच बरोबर होते."

इतकं करूनही हँडलला बारीक थरथर राहायचीच. चार महिने काकांनी हवा बदलली, क्लिक बदलले, माझंही मत घेतलं, म्हणजे अगदीच हताश झाले असणार. शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं पुढचा टायर अंगठ्यानं दाबला. "काका, शॉकप बरोबर आहे तुमचा. टायरचा दगड केलाय." चिंचवडच्या रस्त्यावरची सवय, हवा कशी, तर टाइट! टायरात ५० पीएसआय भरलेले. ३० वर आणले आणि थरथर गेली. काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. 'शॉकप' हा शब्द त्यांना जास्त लागला असावा.

परवा मी, नुसतं कुतूहल म्हणून, माझ्या सायकलची रबरी रिंग खाली सरकवली आणि मुलीच्या कंपासमधली पट्टी घेऊन पार्किंगमध्ये वाकलो. वॉचमन न बोलावता आला. त्यानं मागून सीट धरली, पट्टीकडे नाराजीनं पाहिलं आणि विचारलं,

"साहेब, पिशवीत पाणी भरलंय ना?"