घाई नाही

काका सायकलला मोटर बसवणार आहेत, ही गोष्ट आमच्या सोसायटीत आता राज्यघटनेतल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या पातळीवर पोचली आहे. सगळ्यांना मान्य आहे, विरोध कुणाचाच नाही आणि अंमलबजावणीची तारीख कुणी विचारत नाही.

असे काका पुण्यात सोसायटीगणिक एक तरी सापडतात. पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यातून निवृत्त, खिशात पेनाशेजारी टेस्टर, आणि वस्तू घेण्यापेक्षा तिची चौकशी करण्यात जास्त गोडी. आमच्या काकांकडे पहिल्या पगारातून घेतलेली काळी, २८ इंची, रॉड ब्रेकची सायकल आहे. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा तिला इलेक्ट्रिक किट बसवायचं ठरलं. ठरलं त्याच संध्याकाळी काकांनी दोनशे पानी वही आणली.

वहीत पहिल्या पानावर इतिहास आहे. १८९५ साली ऑग्डेन बोल्टन नावाच्या अमेरिकन माणसाने मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलचं पेटंट घेतलं. तुम्ही-आम्ही यावरून म्हणू, की चला, फारच उशीर झाला. काका म्हणतात, "सव्वाशे वर्षं झाली तरी सुधारणा चालूच आहेत. म्हणजे अजून थोडं थांबलेलं बरं."

मग मोटर. पुढच्या चाकात बसवली तर चिमट्यावर ताण. मागच्या चाकात बसवली तर पंक्चर काढताना नट आणि वायरी सोडवत बसा. पायडलपाशी बसणारी मोटर चढाला सगळ्यांत चांगली, कारण तिला सायकलच्या गिअरचा फायदा मिळतो. पण काकांच्या सायकलला गिअरच नाहीत, म्हणजे फायदा शून्य आणि चेनची झीज फुकट. प्रत्येक पर्यायावर काकांनी लाल पेनाने फुली मारली आहे आणि फुलीशेजारी निळ्या पेनाने "पुनर्विचार" असं लिहिलं आहे.

काकांना खरं पाहावं ते दुकानात. एकदा मीही सोबत गेलो होतो. दुकानदार उत्साहाने म्हणाला, "एका चार्जिंगला साठ किलोमीटर जाते, साहेब."

"बॅटरी कितीची?"

"छत्तीस व्होल्ट, दहा अँपिअर-तास."

"म्हणजे ३६० वॉट-तास. किलोमीटरला १२ धरले तरी तीस झाले. उरलेले तीस कोण ढकलणार?"

"तुम्ही पायडल मारायचं ना, काका."

'साहेब'चे 'काका' झाले की समजावं, सौदा फिसकटला. तरी त्याने ३५० वॉटची मोटर पुढे केली. काका दोन पावलं मागे सरले. "२५० वॉटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नंबरप्लेट नाही, लायसन नाही. तुम्ही मला या वयात आरटीओच्या रांगेत उभं करता?" मग त्याने लिथियम फॉस्फेटची बॅटरी दाखवली. वजनाला जास्त, पण २००० वेळा चार्ज होते म्हणाला. काकांनी जागेवरच हिशोब केला. "दिवसाआड चार्ज केली तर अकरा वर्षं. मी आज एकाहत्तरचा. म्हणजे ब्याऐंशीपर्यंत. पुढे ती काय मी कुणाच्या नावावर करू?"

आम्ही बाहेर पडलो तेव्हा दुकानदाराने शटर थोडं खाली ओढलं होतं.

काकू या सगळ्याकडे शांतपणे बघतात. "मला बघायला आले तेव्हा कांदेपोहे संपायच्या आत हो म्हणाले होते," त्या एकदा म्हणाल्या, "पत्रिकासुद्धा मागितली नव्हती." काकांनी वहीतून मान वर न काढता उत्तर दिलं, "तेव्हा अनुभव नव्हता."

थट्टा सोडा, माणूस पक्का आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने त्यांच्याच वहीवरून एका संध्याकाळी किट ठरवलं आणि पुढच्या रविवारी चांदणी चौकाच्या चढावर सायकल हसतखेळत काढली. काकांनी ती पार्किंगमध्ये उकिडवं बसून तपासली. मोटरचा आस जोरात फिरून चिमट्याच्या खाचेतून निसटू नये म्हणून एक लोखंडी पट्टी लावायची असते. ती बॉक्समध्येच राहिली होती. कंट्रोलरच्या वायरी वरच्या अंगाने आत शिरत होत्या, म्हणजे पहिल्या पावसात पाणी थेट पोटात. दोन्ही गोष्टी काकांनी स्वतः दुरुस्त करून दिल्या. मला किट घ्यायचं झालं तर मी डोळे मिटून त्यांना विचारीन, फक्त त्यांना सोबत नेणार नाही.

या चौकशीपायी काका तपकीर गल्लीपासून हडपसरपर्यंत सगळीकडे त्याच काळ्या सायकलवर, पायडल मारत फिरतात. गुडघे हल्ली दुखत नाहीत. हे मात्र ते कुणाला सांगत नाहीत, नाहीतर अभ्यासाचं कारणच जायचं.

अखेर परवा घोडं मिस्त्रीपर्यंत पोचलं. मागच्या चाकातली मोटर, २५० वॉट, नक्की. मिस्त्रीने सायकल उलटी केली, चाक फिरवलं आणि रिमवर बोट ठेवत मोजू लागला.

"काका, मोटरला छत्तीस भोकं असतात. तुमच्या रिमला मागे चाळीस, पुढे बत्तीस. स्पोक बसणार कसे?"

मी काकांकडे पाहिलं. चेहरा उजळला होता. वहीत हा मुद्दाच नव्हता!

"रिम बदलू," मिस्त्री म्हणाला. "पण रॉडचे ब्रेक रिमला आतून लागतात, ते नव्या रिमला धरायचे नाहीत. ब्रेक बदलू. ब्रेक दाबल्यावर मोटर बंद करणारा खटका या दांड्याला बसत नाही, हँडल बदलू."

"मग माझं राहिलं काय?"

"सीट." मिस्त्रीने हात पुसले. "एवढं करण्यापेक्षा तयार इलेक्ट्रिक सायकलच घ्या ना. मोटर, बॅटरी, सगळं बसवूनच येतं."

काकांनी वहीचं कोरं पान उघडलं, टेस्टर बाजूला सारून पेन काढलं आणि विचारलं, "तिच्या रिमला भोकं किती?"