घोड्याने लाज सोडली

अहो, ऐकलंत का? पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवून ई४ वर आणलं, की काळ्यानेही आपलं प्यादं ई५ वर आणून समोर उभं करावं, ही भल्या घरची रीत. आणि हे काय आरंभलंय! काळा पहिल्याच चालीला घोडा एफ६ वर आणतो. प्याद्यावर डोळा ठेवून! 'ये, हाकल मला' म्हणून आवतणच की ते.

पांढरा हाकलतोच. ई५ म्हटलं की घोडा डी५ वर. सी४ म्हटलं की बी६ वर. एकच मोहरं सुरुवातीला उगाच पुन्हा पुन्हा हलवू नये, असं जर्मनीच्या डॉक्टर टाराशांनी उभ्या युरोपला पढवलं. इथे तीन चाली, तिन्ही त्याच उंडग्या घोड्याच्या!

हे थेर सुरू केलं कुणी? अलेक्झांडर अलेखिन यांनी, १९२१ साली बुडापेस्टला. एवढ्या श्रीमंत घराण्यातला मुलगा! निम्झोविच, रेटी ही चांडाळचौकडी होतीच. म्हणे पटाचा मध्य प्याद्यांनी अडवायलाच नको, लांबून उंट-घोड्यांचा धाक पुरे. याला नाव काय, तर हायपरमॉडर्न. नावच सांगतंय वाह्यातपणा.

आणि बोट तरी कुणाकडे दाखवणार? १८५० च्या दशकात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रन या बॅरिस्टरसाहेबांशी खेळताना उंट बाजूच्या घरात दडवून हेच उद्योग करायचे. आपल्या देशी डावात प्यादं एकेकच घर चालायचं, तेव्हा घाई कसली? 'इंडियन डिफेन्स' हे नाव काही उगाच नाही पडलं.

बरं, हरले असते तर म्हटलं असतं, खोड मोडली. पण १९७२ साली रेक्याविकला, जगज्जेतेपदाच्या लढतीत, तेराव्या डावात फिशरने काळ्या मोहऱ्यांनी हाच घोडा काढला आणि ७४ चालींत स्पास्कीला हरवलं. एरवी सिसिलियनशिवाय पान न हलणारा माणूस!

खरी मेख पुढेच. पांढरा डी४, एफ४ करून चार प्यादी छाती काढून उभी करतो. रुबाब बघावा! पण मोजा, पाचही चाली प्याद्यांच्या, घोडा नाही, उंट नाही, एकही मोहरं घराबाहेर नाही. काळा डी६ने टोकतो, प्यादी मारामारी करतात, दुसरा घोडा सी६ वर, उंट एफ५ वर, आणि डी४ वरच्या प्याद्याची पाचावर धारण बसते. ज्याला पळवलं, तोच आता वसुलीला आलेला!

म्हणून तर हल्ली पांढऱ्याकडची शहाणी मंडळी चार प्याद्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत. गुपचूप घोडा एफ३ वर आणून बसतात. म्हणजे बोंब आम्ही मारायची, आणि वचकायचं यांनी!