काठी कोणत्या हातात?

रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून कसं चालावं, हे मी पुण्याहून आलेल्या जावयाला प्रात्यक्षिकासह शिकवत होतो. ‘नजर समोर ठेवायची,’ एवढं सांगून मी ती ठेवली. पाऊल कुठं गेलं ते कळलंच नाही. बांधीतल्या बायकांचं गाणं थांबलं. ‘गुरुजी, उठा ना बाप्पा!’ गुरुजी उठेनात. जावईबापू मात्र धुऱ्यावर कोरडे उभे.

उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं. नागऱ्याहून गोंदिया हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्याच रात्री भरती झालो आणि हाडाच्या पोकळीत सळई बसली. ही युक्ती क्युंचर नावाच्या जर्मन सर्जनची, १९३९ सालची. महायुद्धातून सुटून आलेल्या कैद्यांच्या मांडीत सळई दिसली, तेव्हा अमेरिकेतले डॉक्टर चक्रावले होते. हा इतिहास मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एक्स-रे खिडकीशी धरून ऐकवायचो. शंका एकच यायची : ‘पाण्यापावसात गंजन तं नाही ना?’ कुणी हाडजोडीची वेल आणून दिली, कुणी हाडवैद्याचा पत्ता. बांबूच्या कामट्यांत हे काम निम्म्या पैशात झालं असतं, यावर मात्र सर्वांचं एकमत.

सळई डॉक्टरांनी घातली; गुडघा वाकवणं माझ्याकडे आलं. फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या धाकटीच्या वयाची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून म्हणाली, ‘दाबा. पाच मोजेपर्यंत सोडू नका.’ मी जीव खाऊन दाबलं. मांडी ढिम्म; भुवया तेवढ्या वर गेल्या. ‘काका, तोंडाने नाही, पायाने!’ उभा जन्म पोरांना अंगठे धरायला लावले. आता स्वतःचा अंगठा दिसत होता, हाताला लागत नव्हता.

वॉकर सुटून काठी आली आणि खरा वाद पेटला. मोडका पाय उजवा, तर काठी डाव्या हातात, असं ती मुलगी सांगते. काठी आणि दुखरा पाय एकदमच पुढे पडतात, भार वाटला जातो. पटलं. पण पारावरच्या मंडळींना पटेना. ‘गुरुजी, दुखते इकडं अन् काठी तिकडं? डोक्यालेही लागलं का?’

चारचौघांत शोभा नको. गोंदियाला ऑटोतून उतरलो की काठी डाव्या हातात, नागऱ्यात उतरलो की उजव्या. परवा ती मुलगीच नागऱ्याच्या शिवमंदिरात दर्शनाला आली होती. समोरून पारावरचे दोघे येत होते. मी काठी बगलेत मारली आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला.