अडीच बाया

पुण्यातल्या एका कंपनीत मी प्रकल्पांचं नियोजन करतो. कुठलं काम किती माणसं किती दिवसांत उरकतील हे मी आधी सांगतो, आणि ते का उरकलं नाही हे नंतर.

त्या आषाढात तुकोबांची पालखी आमच्या गावी, अंथुर्ण्याला मुक्कामी येणार होती आणि एका दिंडीचं रात्रीचं जेवण आमच्या घरी होतं. २०० वारकरी, पिठलं, भाकरी, ठेचा. आजी बोटांची पेरं मोजत बसलेली. मला राहवलं नाही. लॅपटॉप उघडला.

माणशी ३, म्हणजे ६०० भाकरी. भाकरीला २ मिनिटं, तासाला ३०. आठ तासांत बाईमागे २४०. उत्तर आलं: अडीच बाया.

"अर्धी बाई कुठनं आणायची रं?" आजीनं विचारलं.

"अर्धा मी."

धाकटी काकू आणि शेजारच्या वहिनी अशा दोघी नेमल्या. सकाळी दोघीही गायब! बेलवाडीला वारीतलं पहिलं गोल रिंगण होतं. माझ्या तक्त्यात आठ तास होते, रिंगण नव्हतं. परत आल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, आमच्याकडंबी दिंडी हाय की!" ज्या बाईला मी शंभर टक्के धरलं होतं, तिला तिच्या सासूनं आणि भजनी मंडळानंही शंभर टक्केच धरलं होतं. उरली काकू. पीठ मळणं, जाळ सारणं, घटकाभर पाठ टेकणं यांना माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

तीन वाजेपर्यंत भाकरी झाल्या ८०. घाबरून मी दोन चुलतभाऊ परातीपुढे बसवले. उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं, हे आयबीएममधल्या अनुभवावरून फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालीच पुस्तकात लिहून ठेवलंय. ऑफिसात हे मी नवीन पोरांना ऐकवतो. इथं काकू स्वतःच्या भाकरी सोडून तिघांना थापायला शिकवत बसली. तासाभरात आमच्या तिघांच्या मिळून सात झाल्या.

दिवस कलला. टाळ-मृदंग ऐकू येऊ लागले, तसा मला घाम फुटला. तेवढ्यात वस्तीवरनं फडक्यात बांधलेल्या टोपल्या यायला लागल्या. एकामागून एक.

"आठ दिवसांमागंच सांगून ठिवलंय," आजी म्हणाली. "साठ घरं. घराला पंधरा सांगितल्यात, धाच धरल्यात. कुणाचं पोर आजारी पडतं, कुणाची म्हस अडती."

"मग मला आधी सांगायचं की!"

"तुझं गणित चाललं हुतं. मधी कशाला बोलू?"

पंगत बसली. एका म्हाताऱ्या वारकऱ्यानं ताटातली जाडजूड भाकरी उलटीपालटी करून पाहिली. "माउली, ही कुणी केली म्हणायची?"

आजी पिठलं वाढता वाढता म्हणाली, "आमच्या अर्ध्या बाईनं."