आंबट आघाडी आणि भाजलेले तारले

मद्यशास्त्रावरील ग्रंथांत वाइनला जे गांभीर्य बहाल केलेले आढळते, त्याला पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यातील मिन्यू प्रदेशाने फारशी दाद दिलेली नाही. तेथील ‘व्हिन्यू व्हेर्द’ ही कोवळेपणीच प्यायची वाइन असून तिच्या बहुतेक बाटल्या वर्षा-दोन वर्षांत संपवायच्या असतात, आणि साध्या प्रकारात मद्यार्क ८ ते ११.५ टक्के एवढाच असल्यामुळे पिणाऱ्यास तत्त्वचिंतनाच्या पातळीवर पोहोचण्यास बराच वेळ लागतो. या वाइनच्या प्रदेशाच्या सीमा १९०८ मध्ये कायद्याने आखल्या गेल्या. पाऊस मुबलक आणि शेते चिमुकली, म्हणून खाली मका व कोबी आणि वर द्राक्षे अशी वाटणी तेथे पूर्वापार होती. वेली उंच मांडवांवर किंवा थेट झाडांवर चढवल्या जात, आणि तोडणी करणाऱ्याला वाइन चढण्यापूर्वी स्वतः शिडी चढावी लागे.

पांढरी व्हिन्यू व्हेर्द बहुधा अनेक जातींच्या द्राक्षांच्या मिश्रणातून सिद्ध होते आणि तिचा कारभार आघाडी सरकारासारखा चालतो. फुलांचा दरवळ असलेल्या लोरेइरू या जातीकडे सुगंधाचे खाते असते, अरिंतू आंबटपणाची जबाबदारी सांभाळते, आणि त्राझादुरा, जिला स्वतःचे असे ठाम मत नसते, ती केवळ मवाळपणाच्या बळावर मंत्रिमंडळात टिकून राहते. अल्वारिन्यू मात्र मातब्बर. मोंसांव आणि मेल्गासू या उपप्रदेशात ती बहुधा स्वबळावर लढते, मद्यार्क वाढवते, किंमतही वाढवते, आणि नदीपलीकडे स्पेनमध्ये ‘अल्बारिन्यो’ या नावाने वेगळाच संसार थाटते.

या वाइनची जिभेवर जाणवणारी बारीक चुरचुर हा तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. पूर्वी बाटली बंद केल्यानंतरही आतील जिवाणू स्वस्थ बसत नसत. द्राक्षांतील तीव्र मॅलिक आम्लाचे ते सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करीत आणि त्या खटाटोपात कार्बन डायऑक्साइड सोडत. हा वस्तुतः कारागिरीतील दोष होता. पुढे तंत्र सुधारले आणि दोष नाहीसा झाला, परंतु ग्राहकाला तोवर त्या दोषाचीच गोडी लागलेली असल्याने उत्पादकांना तोच वायू पैसे मोजून बाटलीत भरावा लागला. उद्योगाच्या इतिहासात सुधारणेचे इतके मानहानिकारक पुनर्वसन क्वचितच झाले असेल.

भोजनाशी जोडी जमवताना या वाइनचा आंबटपणा कामी येतो, कारण तो लाळ सुटवून तोंडातील चरबीचा थर उतरवतो. जूनमध्ये तेलाने पुष्ट झालेले तारले जाड मीठ लावून कोळशावर अख्खेच भाजतात आणि पावाच्या जाड कापावर ठेवून बोटांनी सोलून खातात. मासा संपेस्तोवर त्याचे तेल पिऊन पाव इतका श्रीमंत झालेला असतो की खरा मान त्यालाच द्यावा. तांबड्या वाइनमधील लोह माशाच्या तेलाशी संयोग पावून उग्र वास निर्माण करते असे विज्ञान सांगते, आणि मिन्यूचे जुने रहिवासी ते न ऐकता पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यातून तांबडी व्हिन्यू व्हेर्द याच तारल्यांबरोबर पितात. तिसऱ्यांच्या जातीचे शिंपले लसूण, ऑलिव्ह तेल आणि कोथिंबीर घालून शिजवतात, तेव्हा मात्र पांढरीला पर्याय नाही. या पाककृतीला बुल्याऊं पातू या एकोणिसाव्या शतकातील कवीचे नाव मिळाले असून, त्याच्या कवितांपेक्षा शिंपल्यांचे वाचक अधिक आहेत.

डुकराचे मांस वाइन आणि लसणीत मुरवण्याची पोर्तुगीज रीत गोव्यात पोहोचली, तेव्हा वाइनची जागा माडाच्या ताडीच्या व्हिनेगरने घेतली, पोर्तुगीजांनीच आणलेली मिरची तीत भरीस पडली, आणि विंदालू जन्मास आले. व्हिनेगरपुढे बहुतेक वाइन पाणचट लागतात. व्हिन्यू व्हेर्द मुळातच आंबट असल्याने तग धरते. मिरचीशी मात्र तिचे पटत नाही, कारण बुडबुड्यांनी जिभेची आग वाढतेच. तेव्हा विंदालूसाठी बाटली निवडणाऱ्याने किंचित गोडसर आणि शक्य तितकी कमी चुरचुरणारी निवडावी, आणि शेजारी भात वाढून घ्यावा.