वरचा एक रुपया

आईला सांभाळायला मावशी आल्या त्याला सहा वर्षं झाली. आईने पहिल्या दिवशी एकच परीक्षा घेतली, कडक भाकरीची. मावशी पास झाल्या. त्यानंतर गड्ड्याच्या जत्रेपासून रात्री अडीचच्या खोकल्यापर्यंत आईचं सगळं त्यांच्याकडे.

यंदा दिवाळीची पोस्त भरघोस द्यायची, असं आईने फर्मावलं. पन्नास हजार, आणि वर एक. शून्यावर संपणारं पाकीट आमच्या घरातून कधी बाहेर पडलेलं नाही.

भाचा सीए आहे. म्हणाला, "मामा, त्या एका रुपयाने घात केला!"

झालं असं, की १९५८ साली बक्षीस कर आला तो देणाऱ्यावर. १९९८ला तो गेला. २००४पासून कायद्याची नजर घेणाऱ्याकडे वळली. परक्यांकडून एका वेळी पंचवीस हजारांपर्यंत मिळालेले पैसे माफ. २००६पासून वर्षभरात मिळून पन्नास हजार. तेव्हापासून ही रेषा तळ्यातल्या सिद्धेश्वरासारखी जागची हललेली नाही. ती ओलांडली, की वरच्या रुपयावर नव्हे, सगळ्या ५०,००१वर कर.

"पण त्या परक्या कुठे? मावशी आहेत!"

"सख्ख्या असत्या तरी उपयोग नव्हता. मावशीने भाच्याला दिलं तर कायद्याला नातं दिसतं. भाच्याने मावशीला दिलं तर दिसत नाही."

"म्हणजे मी तुला कितीही द्यावं, आणि तू मला..."

"म्हणून तर मी देत नाही, मामा."

एवढ्यावर थांबेल तर तो सीए कसला? पोस्त ही भेट की पगार, असं नवं खुसपट त्याने काढलं. मालकाने रोख दिलेलं पगारातच मोजतात, मग पन्नास हजारांपर्यंतची माफीही नाही. दोन वेळा चहा झाला. शेवटी मावशींचा वर्षाचा पगार आणि पोस्त यांची बेरीज केली, तर ती चार लाखांच्याही आत. नव्या पद्धतीत तिथवर कर शून्य. हे आधी का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर तो म्हणाला, "तुम्ही कायदा विचारलात. आकडा कुठे विचारलात?"

मावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी पाकिटातला रुपया काढून देव्हाऱ्यात ठेवला. "आता मिटलं का बघा की!"

"हातात आल्यावर ठेवलात, मावशी. चालत नाही."

"बरं," असं म्हणत मावशी आत वळल्या. आज्जींची आठची गोळी राहिली होती.