थांब, सुई उचलतो

तुमच्या ओळखीत एखादा रेकॉर्डवाला नसेल, तर तुम्ही गेल्या जन्मी मोठं पुण्य केलं आहे. ज्यांच्या ओळखीत आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. कापडी पिशवी तान्ह्या पोराइतक्या जपणुकीने पोटाशी धरलेली, बोटांची टोकं काळी, आणि समोरचा माणूस कितीही घाईत असला तरी ठरलेलं वाक्य : ‘दोन मिनिटं थांब रे, एक गंमत ऐकवतो.’ आमच्याकडे त्यांना सगळे रेकॉर्डकाका म्हणतात. खरं नाव बहुधा फक्त वीजबिलावर असेल.

ते ‘दोन मिनिटं’ मात्र अगदी खरं असतं, कारण काका कुठलंही गाणं त्याहून जास्त वाजूच देत नाहीत.

आधी तयारी बघा. पंखा बंद. मे महिना असला तरी बंद, कारण धूळ उडते. चहा आत, कारण बशीचा आवाज. मग पांढऱ्या कागदी पाकिटातून एलपी दोन तळव्यांच्या मध्ये धरून बाहेर येते, खिडकीच्या उजेडात तिरकी होते, तिच्यावरून ब्रश फिरतो, सुईच्या टोकावर फुंकर बसते. सुई टेकते. थोडी खरखर, मग तंबोरे, मग आवाज. मुखडा होतो, बासरीचा तुकडा सुरू होतो, आता अंतरा येणार म्हणून आपण जरा मागे रेलतो, आणि काका ओरडतात, ‘थांब! सुई उचलतो.’

सुई वर. काका : ‘ती बासरी ऐकलीस? अशी मोबाईलवर ऐकू येईल?’ येईलही कदाचित. पण मोबाईलवर अंतराही येतो, हे त्यांना कोण सांगणार?

एकदा एका खाँसाहेबांची द्रुत बंदिश लावली होती. तिहाई सुरू झाली. पहिला पल्ला झाला, दुसरा झाला, माझा हात मांडीवर पडायच्या बेतात वर गेला आणि ‘थांब!’ काकांना त्या जागी तबल्याच्या बायाँबद्दल काहीतरी सांगायचं होतं. ती सम अजूनही त्यांच्या दिवाणखान्यात अधांतरी लटकते आहे. माझा हात घरी येईपर्यंत वरच होता, असं बायको म्हणते. ती अतिशयोक्ती करते.

बरं, बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात जाऊन माणसाने एवढा उन्हातान्हाचा खटाटोप करायचा तो गाणं ऐकण्यासाठीच ना? तसं मला वाटायचं. काका मात्र पिशवीतून नवी रेकॉर्ड काढली की गायकाचं नाव शेवटी सांगतात. आधी लेबल. मग कॅटलॉग क्रमांक. ईसीएलपी म्हणजे काय, ईएएलपी म्हणजे काय, हे मला आता माझ्या आधार क्रमांकापेक्षा पक्कं पाठ आहे. मग लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेली बारीक अक्षरं मोबाईलच्या टॉर्चखाली वाचायची. त्या यंत्राचा त्या घरात हा एकच मान्य उपयोग.

मग किंमत. काकांची घासाघीस ऐकण्यासारखी असते. हवी असलेल्या रेकॉर्डकडे ते ढुंकून बघत नाहीत. शेजारचं पितळी कुलूप उचलतात, त्यावर वीस मिनिटं वाद घालतात, ते घेतात, आणि निघता निघता म्हणतात, ‘ही तबकडी पण टाक की वर.’ ही युक्ती बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक झाली आहे. म्हणून काका आले की कुलपांचे भाव चढतात. त्यांच्या घरी किल्ली नसलेली इतकी कुलपं आहेत की काकू त्यांतलं एक रोज पोळपाट डगमगू नये म्हणून खाली सरकवतात.

इतिहास सांगायला बसले की काका फार गोड माणूस होतात, हे कबूल करायला हवं. १९०२ साली फ्रेडरिक गायसबर्ग ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन कलकत्त्यात उतरला आणि गौहरजान त्याच्या कर्ण्यासमोर गायला बसली. तासभर रंगणारं गाणं तीन मिनिटांत बसवायचं! मुद्रण इथे व्हायचं, तबकड्या मात्र जर्मनीत, हॅनोव्हरला छापल्या जायच्या. तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळावं म्हणून गाणं संपताच गौहरजान इंग्रजीत आपलं नाव सांगायची, असं म्हणतात. काका हे इतकं रंगवून सांगतात की अंगावर काटा येतो. मग ते तिची तबकडी लावतात. आणि शेवटाच्या आधी सुई उचलतात. गौहरजान कोण, हे मला तिच्या तोंडून आजवर कळलेलं नाही.

अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी एका दुकानात वाजत असताना लहानग्या भीमसेनने ऐकली, आणि असं गाता आलं पाहिजे या ध्यासाने पोरगा घर सोडून गेला, ही कथा तर महाराष्ट्राला पाठ आहे. मला एकच विचार येतो. ते दुकान आमच्या काकांचं असतं तर? मुखड्यालाच ‘थांब!’ झालं असतं, पोरगा कंटाळून घरी गेला असता, आणि आज गदगच्या एखाद्या शाळेच्या भिंतीवर एका सज्जन निवृत्त शिक्षकाचा फोटो लागलेला असता.

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अंतराळात गेली. साडेतीन मिनिटं. सोबत नासाने सुईही धाडली आणि ती कशी टेकवायची याची चित्रं झाकणावर कोरली. काका या सुईच्या चिंतेत असतात. ‘तिकडे ती पुसणार कोण?’ मला उलट परग्रहवासीयांचा हेवा वाटतो. त्यांना केसरबाई पुऱ्या साडेतीन मिनिटं ऐकायला मिळतील.

‘शोले’च्या संवादांची एलपीसुद्धा आहे त्यांच्याकडे. गब्बर आपल्या माणसांना तो सुप्रसिद्ध प्रश्न विचारतो. उत्तर येण्याआधी सुई वर.

त्यांचं एक स्वप्न आहे. बाकी जग लाखेच्या तबकड्या केव्हाच विसरलं होतं, तेव्हा साठच्या दशकात बीटल्सची गाणी आपल्याकडे अठ्ठ्याहत्तरच्या लाखेवर निघत होती. त्यातली एक तरी जुन्या बाजारात, कुणा फुटक्या मिक्सरखाली, आपली वाट बघत असेल अशी काकांची श्रद्धा आहे. लाखेचा विषय निघाला की काकूंच्या चेहऱ्यावर सावट येतं. मागे त्यांच्या भावाने मदत म्हणून एक लाखेची तबकडी स्पिरिटने पुसून दिली होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. भाऊबीज पुढे दोन वर्षं हॉटेलात झाली.

एलपी मात्र फेविकॉलने साफ होते. खोटं वाटेल, पण मी स्वतः बघितलंय. तबकडीवर फेविकॉलचा जाड थर द्यायचा, लेबल सांभाळायचं, रात्रभर वाळू द्यायचा. सकाळी कडेला नख घालून हलकेच ओढायचं. चरचर आवाज करत अख्खा पारदर्शक पापुद्रा निघून येतो, पन्नास वर्षांची धूळ पोटात घेऊन, आणि त्यावर खाचांचा ठसा जसाच्या तसा उमटलेला असतो. काकांनी तो पापुद्रा खिडकीशी धरला आणि म्हणाले, ‘हे बघ, उलटं गाणं.’ त्या सकाळी पहिल्यांदा हा माणूस मला थोडा आवडला. मग त्यांनी सुई टेकवली आणि उचलली.

माझा राग वेगळ्याच कारणाने गेला. एकदा त्यांच्या कपाटात भावगीतांच्या एकाच एलपीच्या तीन प्रती दिसल्या. दोन चकचकीत, तिसरी ओरखड्यांनी भरलेली. चकचकीत मागच्या रांगेत आणि ही पुढे! मी विचारलं. काकांनी कव्हर उलटं केलं. वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईतलं छोटं वर्तुळ, आत ‘६२’, खाली तारीख. अक्षर मास्तरी, वळणदार. मग दुसरी काढली : ५८. मग ७१. मग बालगीतांची एक ईपी, ८०, तिच्या कव्हरवर पेनाने गिरगोट्या काढलेल्या.

पुण्यातलंच कुणीतरी. नाव कुठेही नाही. महिन्याला साधारण एक रेकॉर्ड, आणि तारीख कायम पहिल्या आठवड्यातली, म्हणजे पगाराची. मधे बाहत्तर साली मोठा खंड. ‘दुष्काळ,’ काका म्हणाले. ‘गावाकडे पैसे धाडत असणार.’ मग एकाच महिन्यात तीन. ‘फरक मिळाला असेल.’ मग ती बालगीतं. यावर काका काही बोलले नाहीत, नुसतं गिरगोट्यांवरून बोट फिरवलं. पुढे कधीतरी तो माणूस गेला असेल, घर रिकामं झालं असेल, आणि सगळा संग्रह किलोच्या भावाने विकला जाऊन बाजारभर पांगला असेल. काका तो एकेक करून परत गोळा करताहेत. वहीत क्रमांक लिहिलेले, मिळालेल्यांवर खूण. बीटल्स वगैरे लोकांना सांगायला आहे.

‘आता हे ऐक,’ म्हणाले, आणि बासष्ट नंबरची ती ओरखड्यांची एलपी लावली. मुखडा झाला. ‘थांब! सुई उचलतो.’ उचलली, टॉर्च लावला. ‘इथे बघ. दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी.’ तिथल्या खाचा करड्या पडल्या होत्या, आणि आसपास सुई टेकल्याचे बारीक बारीक टोचे होते, एकावर एक. ‘पुन्हा पुन्हा इथेच टाकायचा. बाकी गाण्याशी त्याला घेणं नव्हतं. या एका ओळीशी होतं.’ मग त्यांनी सुई नेमकी त्या टोच्यावर सोडली. खरखरीत गाणं जवळजवळ बुडालं होतं. काका डोळे मिटून बसले आणि सुई उचलायची विसरले.

आता एक भानगड झाली आहे. क्रमांक ४३ सापडला, आणि तो मीच शोधला. कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेच्या भिंतीवर, चौकटीत, जुन्या सायकलच्या चाकाशेजारी. कोपऱ्यात निळं वर्तुळ. काकांना घेऊन गेलो. त्यांनी आधी सायकलच्या चाकाचा भाव विचारला. ‘ते डेकोर आहे सर, विक्रीला नाही,’ असं मॅनेजरने सांगितलं. रेकॉर्डबद्दलही तेच.

तेव्हापासून काका दर बुधवारी बाजार आटोपून तिथे जातात. तीनशे रुपयांची कॉफी घेऊन चौकटीखालच्या टेबलावर बसतात. मॅनेजर वितळेल अशी आशा आहे. गेल्या वेळी मीही होतो. छतातल्या स्पीकरवर कुठलंसं जुनं गाणं लागलं. मुखडा झाला, आणि सवयीने काकांचा हात वर गेला.

वेटर धावत आला. आता हात वर केलाच आहे म्हणून काकांनी आणखी एक कॉफी सांगितली, आणि गाणं संपेपर्यंत तोंड वाकडं करून बसून राहिले.